आईचं दूध, घरचा हिशोब आणि दवाखान्याचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतिणींशी बोलणं हे माझं रोजचं काम. आधी वॉर्डात, मग घरी गेल्यावर फोनवर. जास्त करून प्रश्न येतात ते दुखण्याचे, झोपेचे, ‘पुरतंय की नाही’चे. पैशाचे प्रश्नही तितकेच असतात, फक्त ते हळू आवाजात विचारले जातात. पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आईचं दूध तर फुकटच असतं. मग त्यात हिशोब कसला?

फुकट नसतं. दुकानातून आणावं लागत नाही, एवढंच. पहिल्या महिन्यांत बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. एका वेळेला वीस मिनिटं धरली तरी पावणेतीन ते चार तास होतात. हा वेळ आईचा, झोप तिची, अंगातली ताकद तिची. ती मजुरीला जाणारी असेल तर बुडालेला रोजही तिचाच. खर्च होतो, पण तो सगळा एकाच बाईच्या नावावर पडतो आणि घरच्या वहीत कुठेच दिसत नाही. बचत मात्र सगळ्या घराची होते, सरकारी दवाखान्याची होते, नवऱ्याच्या कंपनीचीसुद्धा होते.

म्हणून खाली जिथे जिथे ‘पैसे वाचतात’ असं वाचाल, तिथे हेही धरा की त्यातला काही पैसा त्या बाईच्या ताटात आणि विश्रांतीत परत जायला हवा. ‘फुकट आहे’ म्हणणाऱ्या घरांत बाळंतिणीला मदत सगळ्यात कमी मिळते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

२. पावडरच्या दुधाला महिन्याला नक्की किती खर्च येतो?

स्वतःच काढून बघा. बाळाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं. पाच किलोच्या बाळाला ७५० मिली. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं आणि त्या चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर बसते. म्हणजे दिवसाला साधारण १०० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो आणि महिन्याला सात-आठ डबे लागतात.

किमती ब्रँडप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या डब्यावरची छापील किंमत घाला. मी हिशोबाला ५०० रुपये धरते. महिन्याला पावणेचार हजार झाले. पहिल्या महिन्यात बाळ कमी पितं हे वजा केलं तरी सहा महिन्यांत चाळीसच्या आसपास डबे, म्हणजे वीस हजार रुपये. यात बाटल्या, दर काही आठवड्यांनी बदलायची निपलं, रोज बाटल्या उकळायचा गॅस आणि रात्री उठून दूध बनवणाऱ्याची झोप धरलेली नाही.

एका बाबांनी हा हिशोब माझ्यासमोर दिनदर्शिकेच्या पानामागे केला होता. शेवटी त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि त्याखाली लिहिलं, ‘भाडं ४०००’.

३. पावडर महाग पडते. मग गाईचं किंवा पिशवीचं दूध पाणी घालून दिलं तर?

स्वस्त वाटतं, पण नंतर महागात पडतं. गाईच्या दुधात लोह फार कमी असतं, प्रथिनं आणि क्षार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतके असतात. लहान बाळांच्या आतड्यातून त्यामुळे बारीक रक्तस्रावही होऊ शकतो. परिणाम म्हणजे रक्त कमी होणं. शेळीच्या दुधात फोलेट हे रक्त बनायला लागणारं जीवनसत्त्वही अपुरं. वर्षाच्या आत ही दुधं मुख्य अन्न म्हणून नकोत. पाणी घातल्यानं दोष जात नाही, उलट पोषण आणखी पातळ होतं.

पावडरच पातळ करून पुरवणं हा याचाच दुसरा प्रकार. एक आई डबा पिशवीत घालून घेऊन आली होती. डब्यावर बाहेरून बॉलपेननं आडव्या रेघा मारलेल्या होत्या, प्रत्येक रेघ एका आठवड्याची. पगार होईपर्यंत डबा पुरायला हवा होता. बाटलीतलं दूध निळसर दिसत होतं. बाळ रडत नव्हतं, कारण पोट पाण्यानं भरलेलं होतं. वजन मात्र महिनाभर तिथल्या तिथे होतं. त्या आईला मी दोष देणार नाही, तिला डबा सुरू करताना प्रश्न २ मधला हिशोब कुणी सांगितलाच नव्हता.

४. दवाखान्याचा खर्च खरंच कमी होतो, की नुसतं सांगायला?

खरंच होतो, आणि कारण उघड आहे. आई ज्या घरात राहते, जे पाणी पिते, ज्या हवेत श्वास घेते, तिथल्या जंतूंविरुद्ध तिचं शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि ती दुधातून बाळाला मिळतात. म्हणजे ज्या आजाराची साथ तुमच्या गल्लीत आहे, त्याचंच संरक्षण. हे कुठल्याही डब्यात भरता येत नाही. शिवाय बाटली, पाणी, निपल यांतून जाणारे जंतू टळतात ते वेगळंच.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१६ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून मांडले. त्यानुसार स्तनपानामुळे जुलाबाचे साधारण निम्मे आणि श्वसनाच्या संसर्गाचे एक तृतीयांश प्रसंग टळू शकतात. दवाखान्यात भरती होण्याची वेळ तर जुलाबासाठी ७२ टक्क्यांनी आणि श्वसनविकारांसाठी ५७ टक्क्यांनी कमी येते.

‘सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे’ असं काही जण म्हणतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याचं वाहन मोफत आहे, हे बरोबर. हक्कानं मागा. पण बाळ चार दिवस भरती राहिलं तर आईचा रोज बुडतो, बाबांचा बुडतो, मोठ्या मुलाला आजीकडे सोडायला कुणीतरी जातं, बाहेरचं जेवण, रिक्षा, रात्री लागलं म्हणून बाहेरच्या मेडिकलमधून आणलेलं काहीबाही. घर रिकामं होतं ते या खर्चानं, आणि याची पावती कधीच मिळत नाही.

५. शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांत बाळं तशीही निरोगी असतात. श्रेय दुधाला कशाला?

प्रश्न योग्य आहे. हीच शंका मिटवायला बेलारूसमध्ये १९९६-९७ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. एकतीस रुग्णालयं आणि त्यांना जोडलेले दवाखाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्यात नेहमीचं काम चालू ठेवलं. सतरा हजारांहून अधिक आया आणि बाळं यात होती. कुठली आई कोणत्या गटात गेली हे तिच्या शिक्षणावर किंवा पैशावर ठरलं नव्हतं. मदत मिळालेल्या गटात पहिल्या वर्षात पोटाच्या संसर्गाचा धोका ४० टक्क्यांनी कमी निघाला.

त्या प्रयोगात आयांना ‘पाजा’ असा उपदेश केला नव्हता. मदत करणारे हात शिकवून तयार केले होते, आणि तेवढ्यानं फरक पडला. मला यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

६. बाळाचं कळलं. आईच्या तब्येतीवर होणारा खर्च वाचतो का?

वाचतो, आणि तो पुढच्या वीस-तीस वर्षांत. भारतीय बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. तीस देशांतल्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की आयुष्यात एकूण जितके महिने अंगावर पाजलं, त्यातल्या दर बारा महिन्यांमागे हा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. बीजांडकोशाचा कर्करोग आणि टाइप-२ मधुमेह यांचाही धोका कमी होतो. मधुमेहाच्या गोळ्या कुणाच्या घरात चालू असतील तर महिन्याचा खर्च त्यांना विचारा.

लगेचचा फायदाही आहे. जन्मल्यावर बाळ छातीला लावलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहायला मदत होते. पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजलं, रात्रीही पाजलं आणि पाळी परत आलेली नसेल, तर गर्भ राहण्यापासून ९८ टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळतं. तिन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या तरच. यातली एक जरी तुटली तर दुसरं साधन वापरायला लागा, ‘मी पाजतेय’ एवढ्यावर विसंबून राहू नका.

७. बाळंतिणीच्या खाण्यावरच इतका खर्च होतो, की बचत कुठे उरते?

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२०. हा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा आकडा. म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, एक केळं आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. हे घरातल्याच डब्यांतून निघतं, आणि प्रश्न २ मधल्या महिन्याच्या पावणेचार हजारांच्या मानानं कितीतरी कमी आहे.

अळिवाची खीर, डिंकाचे, मेथीचे लाडू जरूर करा. त्यात उष्मांक आहेत, लोह आहे आणि आजीचा जीव आहे. पण हजार-दीड हजाराच्या ‘दूध वाढवणाऱ्या’ पावडरीवर पैसे घालवू नका. दूध वाढतं ते बाळानं नीट धरून, वारंवार ओढल्यानं. आणि बाळंतिणीला पाणी कमी देणं, फक्त पेज देणं, डाळी-भाज्या बंद करणं यातून बचत होत नाही, तिचं रक्त कमी होतं. तिनं आधी जेवावं, गरम जेवावं. उरलेलं जेवण्याचा नियम निदान या वर्षात तरी मोडा.

८. दूध पुरत नव्हतं म्हणून डबा सुरू केला. आता परत अंगावर आणता येईल का?

बहुतेक वेळा येतं. आधी पुरत नव्हतं हे कशावरून ठरलं ते बघा. बाळ रडतं, छाती मऊ लागते, काढून बघितलं तर थोडंच निघतं, यातली एकही खूण खात्रीची नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत जन्माचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. घबराट होते ती नेमकी याच दिवसांत.

पैशाच्या दृष्टीनं पहिला डबा सगळ्यात महाग, कारण तो एकटा येत नाही. वरचं दिलं की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, आणि मग खरंच पुरत नाही. उलट फिरवायलाही हाच रस्ता आहे. बाळाला जास्तीत जास्त वेळ उघड्या छातीशी धरा, दर दोन तासांनी लावा, वरचं दूध वाटी-चमच्यानं द्या आणि वजनावर लक्ष ठेवत हळूहळू कमी करा. एकदम बंद करू नका. काही दिवस ते काही आठवडे लागतात. घरातलं बाकी काम त्या काळात दुसऱ्यानं उचललं तरच हे जमतं. चिकाचं दूध टाकून दिलं असेल, मध किंवा गूळपाणी चाटवलं असेल तर ते झालं, पण पुढच्या बाळंतपणाला लक्षात ठेवा.

९. पगारी रजा किती मिळते? ती कमी पडत असेल तर?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली बदल झाला. त्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, दोन मुलं हयात असताना पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. ह्याच तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १८० दिवस मिळतात.

यात एक मेख आहे. २६ आठवड्यांतले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. पूर्ण आठ घेतले तर बाळंतपणानंतर अठराच उरतात, म्हणजे चार महिने. सहा महिने निव्वळ स्तनपानाचा हिशोब इथेच चुकतो. तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर रजा शक्यतो नंतरच्या बाजूला ठेवा. जिवाला त्रास असेल तर मात्र अजिबात ओढून धरू नका. आधी रजा घ्या, दूध काढून ठेवण्याचा मार्ग (प्रश्न १०) आहेच.

परत रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळायला हवा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि तिथे दिवसातून चारदा जाता यायला हवं. हे लेखी मागा. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे कायद्यापुढे उत्तर होत नाही.

१०. कामावर परत जायचंय. महागडा पंप घ्यावाच लागेल का?

नाही. हातानं दूध काढायला एक पैसा लागत नाही आणि जमायला लागलं की पंपाइतकंच निघतं. हात स्वच्छ धुवा, अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी सराव सुरू करा. बाळ जवळ नसताना दिवसातून तीनदा काढावं लागणार असेल तर पंप सोयीचा, पण मग भाड्यानं किंवा दुसऱ्याचा वापरलेला घेताना बाळाच्या दुधाला लागणारे भाग नवीन घ्या.

काढलेलं दूध झाकलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, चार दिवसांपर्यंत. तुमच्याकडे वीज जात असेल तर एका दिवसातच वापरा. गरम पाण्यात भांडं धरून कोमट करा, गॅसवर उकळू नका. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाटली नको. धुवायला वाटी सोपी आणि बाळ अंगावर घ्यायचं विसरत नाही.

प्रवासात असाल तर एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष शोधा. कुलूप असेल तर स्थानकप्रमुखांकडे चावी मागा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या बाईचं नाव त्या खोलीला आहे, ती तुमच्यासाठीच आहे.

११. आमची कसली नोकरी! मी मजुरी करते. माझ्यासाठी काय?

सगळ्यात कमी, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. प्रश्न ९ मधला कायदा शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांपर्यंत पोचत नाही. टोळीत उचल घेतलेली असते, एक दिवस गेला की खाडा लागतो. अशा बाईला ‘सहा महिने फक्त अंगावर पाजा’ असं नुसतं सांगून आपण मोकळं होणं हा अन्याय आहे.

मिळण्यासारखं जे आहे ते सोडू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. हे पैसे बुडालेल्या मजुरीची थोडीफार भरपाई म्हणूनच आहेत. नोंदणी अंगणवाडी किंवा आशाताईंकडे होते. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या भेटीत दूध नीट धरतंय का ते दाखवून घ्या. एक भेट चुकली तर तुम्ही त्यांना निरोप पाठवा.

फडावर किंवा शेतावर बाळ सोबत नेता येत असेल तर न्या, सावलीला ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी पाजा. तेही जमत नसेल तर पहाटे, संध्याकाळी आणि रात्री पोटभर पाजा आणि दिवसासाठी काढून ठेवा. मुकादमाशी वाटाघाट एकटीनं करू नका, टोळीतल्या बायकांनी मिळून दोन सुट्ट्या मागितल्या तर त्या मिळतात असं मी पाहिलं आहे.

१२. माझा छोटा कारखाना आहे. यात माझा काय फायदा?

बाळ कमी आजारी, म्हणून आईचे खाडे कमी. शिकवून तयार केलेली कामगार बाई नोकरी सोडून जात नाही, नवीन माणूस शोधून शिकवायचा खर्च वाचतो. आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, प्लगचं बटण, हात धुवायला नळ आणि फ्रिजमधला एक कप्पा एवढंच लागतं. स्वच्छतागृहाचा कोपरा चालणार नाही. तुम्ही तिथे जेवाल का?

१३. दवाखान्यातूनच डबा लिहून दिला. हे कायद्यात बसतं का?

वैद्यकीय कारण असेल तर बसतं, आणि ते कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कारणं काय असू शकतात ते प्रश्न १८ मध्ये. पण कारण न सांगता सगळ्यांनाच एक ठरावीक ब्रँड लिहिला जात असेल तर सावध व्हा. १९९२ चा एक केंद्रीय कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचं पावडरचं दूध, बाटल्या आणि शिशुआहार यांची जाहिरात करायला, मोफत नमुने द्यायला, डॉक्टर-परिचारिकांना भेटवस्तू किंवा कमिशन द्यायला त्यात बंदी आहे. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे.

डबा किंवा जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, तारीख आणि जागा लिहा. १९९१ पासून काम करणारी बीपीएनआय (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया) ही संस्था अशा तक्रारी घेते.

१४. बाळ कमी दिवसांचं आहे, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. इथे आईच्या दुधानं खर्च कसा कमी होणार?

इथेच सगळ्यात जास्त होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतडं सडण्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो, तो पावडरच्या दुधावर जास्त आढळतो. एनआयसीयूतला एकेक दिवस काय भावानं जातो ते तिथे बसलेल्या आईबापांना सांगायला नको. म्हणून प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर हातानं चीक काढा, चमचाभर निघाला तरी तो पाठवा. बाळ स्थिर झालं की छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याची परवानगी मागा.

आईचं दूध येईपर्यंत दूधपेढीचं दूध हा पुढचा पर्याय. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. दात्या आयांच्या रक्ताची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळख काढून परस्पर दूध आणू नका. विकत तर मुळीच घेऊ नका. मानवी दुधाचा व्यापार करता येणार नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

१५. देशाच्या पातळीवर किती पैसे वाचतात? वर्तमानपत्रात अब्जांचे आकडे येतात.

दोन आकडे नेहमी दिसतात. २०१६ चा: स्तनपान न झाल्यानं जगाचं वर्षाला ३०२ अब्ज डॉलरचं नुकसान, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.४९ टक्के. २०१९ चा: ३४१ अब्ज डॉलर, ०.७० टक्के. पहिला आकडा बाळांच्या पुढच्या आयुष्यातल्या बुद्धिमत्तेवर आणि त्यामुळे घटणाऱ्या कमाईवर बेतलेला आहे, दुसऱ्यात उपचारांचा खर्च आणि अकाली मृत्यूही धरले आहेत. बुद्धिमत्ता घरातल्या इतर गोष्टींनीही ठरते, म्हणून मी स्वतः या आकड्यांपेक्षा प्रश्न ४ मधल्या टक्क्यांवर जास्त भर देते. ते तुमच्या घरात मोजून बघता येतात.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. पावडरचा डबा विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्न वाढतं, आईनं पाजलं की वाढत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अर्थतज्ज्ञ ज्युली स्मिथ अनेक वर्षं हे मांडत आहेत. नॉर्वेसारख्या देशानं आपल्या अन्नपुरवठ्याच्या आकडेवारीत आईचं दूध धरलं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. आई दवाखान्यात आहे, बाळ शेजारी आहे, माणसं पगारी आहेत, आणि तरी तो तास जातो. तो तास वाचवायला नवीन इमारत लागत नाही, बाळंतिणीजवळ थांबणारी एक शिकलेली परिचारिका लागते.

१६. बाळ दीड वर्षाचं झालं. आता पाजून काय उपयोग, दूध तर पाणी झालं असेल!

दूध पाणी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि पुढेही पाजायला सांगते. दुसऱ्या वर्षातही त्यातून ऊर्जा, अ जीवनसत्त्व आणि प्रतिपिंडं मिळतात. मूल आजारी पडलं की जेवायला नाही म्हणतं पण अंगावर घेतं, आणि अशा वेळी बऱ्याचदा सलाइनपर्यंत गोष्ट जात नाही. शिवाय प्रश्न ६ मधले महिने मोजले जातच असतात. मात्र सहा महिन्यांनंतर निव्वळ दुधावर ठेवणं चूक. मऊ खिचडी, नाचणीची खीर, अंडं, कुस्करलेलं केळं हवंच.

१७. आम्ही अमेरिकेत असतो. इथे काय वेगळं?

तिथे पगारी रजा मिळेलच असं नाही, पण बहुतेक आरोग्यविम्यांत स्तनपानाचा सल्ला आणि पंप यांचा खर्च धरलेला असतो. विकत घेण्याआधी विमा कंपनीला विचारा. डिसेंबर २०२२ च्या कायद्यानुसार बाळ वर्षाचं होईपर्यंत कामावर दूध काढायला वेळ आणि स्वच्छतागृह सोडून दुसरी खाजगी जागा मिळायला हवी.

१८. आईला आजार आहे, औषधं चालू आहेत. तरी पाजायचं?

बहुतेक आजारांत आणि बहुतेक औषधांत हो. साधा ताप, सर्दी, जुलाब यांत थांबवायचं कारण नाही. क्षयरोगावर उपचार चालू असतील तर डॉक्टर सांगतील ती काळजी घेऊन, तोंडाला मास्क लावून पाजता येतं. एचआयव्ही असलेल्या आईनं उपचार नियमित घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं. अर्धं अंगावर, अर्धं वरचं, असं मिसळून देणं त्या काळात जास्त धोक्याचं. कर्करोगाची काही औषधं चालू असताना मात्र पाजता येत नाही. बाळाला गॅलेक्टोसीमिया हा दुर्मिळ जन्मजात दोष असेल तर कुठलंही नेहमीचं दूध चालत नाही. ‘औषध चालू आहे, दूध तोडा’ असं कुणी सांगितलं तर औषधाचं नाव लिहून बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बऱ्याचदा दुसरं चालणारं औषध असतं.

१९. हे सगळं कळलं तरी मला पावडर द्यावीच लागते आहे. खर्च आणि आजार कमी कसे ठेवू?

तुम्ही बाळाला उपाशी ठेवलेलं नाही, हे आधी मनाला सांगा. प्रमाण डब्यावरचंच ठेवा, एक चमचाही कमी नाही. पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत, अजून चांगलं गरम असतानाच पावडर घाला आणि मग थंड करा, कारण पावडर निर्जंतुक नसते. एका वेळेपुरतंच बनवा. बनवल्यापासून दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या, जिवावर आलं तरी. वाटी-चमच्यानं द्या. ‘ब्रेनसाठी’, ‘इम्युनिटीसाठी’ असं लिहिलेला महाग डबा घ्यायची गरज नाही. वयाला योग्य असलेला साधा डबा पुरतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या.

आणि थोडंसं जरी दूध येत असेल तरी रात्रीचं पाजणं सोडू नका. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. रोज नव्वद मिलीचं एक वरचं दूध वाचलं तर दिवसाला बारा-तेरा ग्रॅम पावडर वाचते, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक डबा.